वाचकांचे प्रश्न : हँडशेक झाला का, ते आधी बघा

या वेळी कोल्हापूर आणि आसपासहून आलेली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत : राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली टाकली, वायरगार्ड हे व्हीपीएन (म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंतची खासगी वाट, तिलाच टनेल म्हणतात) जोडलं, आणि ‘व्हीपीएन चालत नाही’. नुसतं ‘चालत नाही’ म्हटल्यावर आम्हाला काही कळत नाही, कारण त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एकतर राउटर आणि सर्व्हर यांची ओळखच पटलेली नाही, किंवा ओळख पटली आहे पण पुढची वाहतूक कुठंतरी अडते आहे. फरक शोधायला अर्धं मिनिट पुरतं. लुसीमध्ये, म्हणजे ब्राउझरमधल्या राउटरच्या सेटिंगच्या पानांत, ‘स्टेटस’खाली ‘वायरगार्ड’ उघडा आणि ‘लेटेस्ट हँडशेक’ची, म्हणजे शेवटची ओळख कधी पटली त्याची, ओळ वाचा. टनेलमधून वाहतूक चालू असेल तर हा हँडशेक साधारण दर दोन मिनिटांनी नवा होतो. तीन मिनिटांच्या आतली वेळ दिसत असेल तर किल्ल्या, पोर्ट, सर्व्हरचा पत्ता हे सगळं बरोबर आहे, त्याला हात लावू नका. वेळच दिसत नसेल तर फायरवॉल झोनमध्ये रात्र घालवू नका, तिथं काही सापडणार नाही.

लाईट जाऊन आली की टनेल उठत नाही

*‘घरचं सगळं इंटरनेट पुण्यातल्या ऑफिसच्या वायरगार्ड सर्व्हरमार्गे जातं. एरवी झकास चालतं. पण पावसाळ्यात लाईट गेली आणि आली की हँडशेक होतच नाही. राउटर पाच-सहा वेळा बंद-चालू केला तरी तेच. परवा सिस्टीमच्या पानावर चुकून “सिंक विथ ब्राउझर” दाबलं आणि दहा सेकंदांत सुरू झालं. लई डोकं खाल्लंय या प्रकारानं.’* (राजारामपुरी)

चुकून दाबलेल्या त्या बटणातच उत्तर आहे. त्या बटणानं राउटरचं घड्याळ तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळाशी जुळवलं.

घरगुती राउटरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज गेली की वेळ गेली. ओपनडब्ल्यूआरटी सुरू होताना ‘ईटीसी’ फोल्डरमधली सगळ्यात अलीकडची फाइल शोधतं आणि तिची तारीख हीच आजची तारीख धरून चालतं. तुम्ही शेवटचं सेटिंग तीन आठवड्यांपूर्वी बदललं असेल तर राउटर तीन आठवडे मागं जागा होतो. मग एनटीपीकडून (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) खरी वेळ आली की तो सुधारतो.

वायरगार्डच्या पहिल्या पाकिटात (डेटाच्या तुकड्यात) वेळेचा शिक्का असतो. जुनं पाकीट पकडून कुणी पुन्हा पाठवू नये म्हणून सर्व्हर प्रत्येक पीअरचा, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा, शेवटचा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना शिक्का आला तर पाकीट टाकून देतो. काही न बोलता. ‘तुझं घड्याळ मागं आहे’ असं तो कळवत नाही, कारण अनोळखी पाकिटाला उत्तरच द्यायचं नाही ही वायरगार्डची रीत आहे. त्यामुळे तुमच्याकडून दिसतं ते एवढंच : पाठवलेले बाइट वाढताहेत, आलेले शून्य. पहिलं पाकीट १४८ बाइटचं असतं आणि उत्तर मिळेपर्यंत साधारण दर पाच सेकंदांनी जातं. म्हणजे मिनिटाला पावणेदोन किलोबाइटच्या आसपास गेलेले आणि शून्य आलेले दिसले, तर राउटर दार वाजवतोय आणि आतून कुणी ओ देत नाही असं समजा.

आता तुमच्या बाबतीतली खरी गाठ. एनटीपीनं घड्याळ काही सेकंदांत सुधारायला हवं होतं, मग का नाही सुधारलं? कारण ‘अलाउड आयपीज’मध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) आहे आणि ‘राउट अलाउड आयपीज’ला टिक आहे. राउटरची स्वतःची वेळेची विचारणाही त्यामुळे टनेलमध्येच शिरते. टनेल उठायला वेळ हवी, वेळ मिळायला टनेल हवा. बंद-चालू केल्यानं पुन्हा तेच जुनं घड्याळ हातात येतं, म्हणून पाचदा केलं काय आणि पन्नासदा केलं काय.

उपाय असा. ‘सिस्टीम’च्या पानावर ‘टाइम सिंक्रोनायझेशन’मध्ये एनटीपी सर्व्हर नावाऐवजी आकड्यात द्या. क्लाउडफ्लेअरचे १६२.१५९.२००.१ आणि १६२.१५९.२००.१२३ हे दोन चालतील. मग ‘नेटवर्क’, ‘राउटिंग’मध्ये या दोन्ही पत्त्यांसाठी /३२ (म्हणजे तेवढा एकच पत्ता) लावून स्थिर मार्ग टाका, इंटरफेस ‘वॅन’, म्हणजे इंटरनेटकडची बाजू. तुमचं कनेक्शन राउटरवरच पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डनं जुळणारं) असेल तर गेटवेची जागा रिकामी चालते. पुढं कंपनीचा ओएनटी (फायबरचा डबा) असेल आणि राउटर त्याच्याकडून आपोआप, डीएचसीपीनं, पत्ता घेत असेल तर गेटवेत ओएनटीचा पत्ता घालावाच लागतो. नावाऐवजी आकडे का, तर नाव सोडवायला, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधायला, डीएनएस लागतं आणि तुमचं डीएनएसही टनेलमधलंच असेल तर तीच गाठ दुसऱ्या टोकाला पडते. याच कारणासाठी ऑफिसच्या सर्व्हरचा आयपी कायमचा असेल तर ‘एंडपॉइंट होस्ट’मध्येही नाव न देता आयपीच द्या. फायबरचा ओएनटी उठायला राउटरपेक्षा बऱ्याचदा जास्त वेळ घेतो, आणि तेवढ्यात राउटर नाव सोडवायला जाऊन रिकाम्या हातानं परत येतो.

सर्व्हरचा आयपी बदलता असेल तर मात्र नाव द्यावंच लागेल. वायरगार्ड नाव एकदाच, सुरू होताना सोडवतं, नंतर पत्ता बदलला तरी जुन्याच दारावर थापा मारत बसतं. त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीत ‘वायरगार्ड_वॉचडॉग’ नावाची छोटी स्क्रिप्ट आधीच असते, ती ‘शेड्यूल्ड टास्क्स’मध्ये दर मिनिटाला चालवा. अट एकच : पीअरला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ (दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट) दिलेलं हवं, नाहीतर ती त्या पीअरकडे बघतही नाही.

ओपनव्हीपीएन वापरणाऱ्यांनाही हे घड्याळ चावतं, फक्त तिथं लॉगमध्ये प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही असा स्पष्ट संदेश येतो. ते निदान सांगतं तरी.

व्हॉट्सॲप चालतं, यूट्यूब चालतं, पोर्टल मात्र फिरत राहतं

*‘कर सल्लागाराचं काम आहे. व्हीपीएन लावल्यावर काही साइट झटकन उघडतात, काही लॉगिनच्या पानावरच अडकतात. मोठी फाइल तर उतरतच नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप, तेच व्हीपीएन व्यवस्थित चालतं. हँडशेक ताजा दिसतो.’* (शाहूपुरी)

हँडशेक ताजा आहे आणि लहान पाकिटं जाताहेत, मोठी अडताहेत. हा एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, दोष. यूट्यूब चालतं म्हणून फसू नका. ब्राउझर तिथं क्विक नावाची पद्धत वापरतो आणि क्विक स्वतःच पाकिटं लहान ठेवतो.

हिशेब सोपा आहे. वायरगार्डचं वेष्टन आयपीव्ही४ वरून जाताना ६० बाइट घेतं, आयपीव्ही६ वरून ८०. टनेलचा ठरलेला एमटीयू १४२०. पीपीपीओई फायबरवर बाहेरची मर्यादा १५०० नसून १४९२ असते. आयपीव्ही४ असेल तर १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, सहज मावतं. आयपीव्ही६ असेल तर १४२० अधिक ८० म्हणजे १५००. आठ बाइट जास्त. तेवढ्या आठ बाइटांसाठी तुमचं पोर्टल फिरत बसतं. पत्ता कुठला आहे ते ‘वायरगार्ड’च्या पानावर एंडपॉइंटच्या ओळीत दिसतं : चौकटी कंसात कोलन-कोलन असलेला लांबलचक पत्ता म्हणजे आयपीव्ही६. सर्व्हर नावानं दिलेला असेल आणि त्या नावाला दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर राउटर तुम्हाला न विचारता आयपीव्ही६ उचलू शकतो.

खात्री करायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर सर्व्हरच्या टनेलमधल्या पत्त्याला पिंग करा, सोबत ‘-एफ’ म्हणजे तुकडे करू नको, आणि ‘-एल’पुढे आकार (अर्थात अक्षरं इंग्रजी लिपीत, छोटी). आकारात २८ बाइट शीर्षकाचे मिळवायचे असतात, म्हणून १३९२ म्हणजे १४२० चं पाकीट. ते गेलं नाही आणि १३८४ गेलं, तर तुमचा आकडा १४१२. वायरगार्ड इंटरफेसच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये एमटीयू १४१२ घाला.

एवढ्यावर थांबलात तर अर्धंच काम होईल. एमटीयू बदलल्यानं तुमच्याकडून जाणारी पाकिटं लहान होतात, पलीकडची साइट मात्र मोठीच पाठवत राहते. तिला सुरुवातीलाच ‘माझं भांडं एवढंच आहे’ हे सांगायचं काम ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ करतं. ‘नेटवर्क’, ‘फायरवॉल’मध्ये व्हीपीएनच्या झोनला ते टिक करा. हे टिक आमच्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा विसरलं जातं, कारण वॅन झोनला ते आधीपासून असतं आणि नवा झोन करताना ते आपण लावायचं असतं हे लक्षात येत नाही.

१३८४ही गेलं नाही तर खाली उतरत जा, पण टनेलमधून आयपीव्ही६ न्यायचं असेल तर १२८० च्या खाली जाऊ नका. त्याखाली आयपीव्ही६ चालतच नाही. कंटाळा आला असेल तर सरळ १२८० ठेवा. वेग थोडा कमी होईल, डोकं शांत राहील.

कारखान्याच्या राउटरवर बाहेरून शिरताच येत नाही

*‘आमचं मशीन शॉप आहे. तिथल्या राउटरवर वायरगार्ड सर्व्हर केला, ५१८२० पोर्ट उघडला, डायनॅमिक डीएनएस लावलं. आतल्या वायफायवरून जोडलं जातं, घरून नाही. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) बघायचा आहे आणि हिशेबाच्या संगणकावर काम करायचं आहे.’* (शिरोली एमआयडीसी)

लुसीच्या पहिल्या पानावर वॅनचा पत्ता बघा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कशानंही सुरू होत असेल तर तुमच्या आणि इंटरनेटच्या मधे कंपनीचा सामाईक नॅट आहे. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, म्हणून बाहेरून आलेली हाक तुमच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही उघडलेला पोर्ट बरोबरच आहे, पण तो वाड्याच्या आतल्या खोलीचा आहे. दिंडी दरवाजा कंपनीकडे. वॅनचा पत्ता १९२.१६८ नं सुरू होत असेल तर मात्र आधी ओएनटी ब्रिज मोडमध्ये घ्या आणि मग पुन्हा बघा.

पर्याय दोन. कंपनीकडून स्थिर सार्वजनिक आयपी विकत घ्या, हा सरळ मार्ग. किंवा एखादा स्वस्त व्हीपीएस (इंटरनेटवरचा छोटा सर्व्हर) भाड्यानं घ्या, शक्यतो मुंबईतला, म्हणजे अंतराचा वेळ वाचतो. कारखान्याचा राउटर आणि तुमचा फोन दोघंही व्हीपीएसला आपणहून फोन लावतील आणि तिथं भेटतील. बाहेर जाणाऱ्या हाकेला सामाईक नॅट अडवत नाही. ५१२ एमबी रॅमचा व्हीपीएस यासाठी भरपूर झाला.

पत्ते असे धरा : व्हीपीएस १०.७७.०.१, कारखाना १०.७७.०.२, फोन १०.७७.०.३. कारखान्यातलं आतलं जाळं १९२.१६८.४०.० /२४. ते आत्ता १९२.१६८.१ असेल तर आधी बदला. ओपनडब्ल्यूआरटी, अनेक ओएनटी आणि तुमच्या घरचं वायफाय सगळे तोच पत्ता धरून बसलेले असतात, आणि दोन्ही टोकांना तेच जाळं असेल तर फोन डीव्हीआरला स्वतःच्या घरातच शोधत राहतो.

व्हीपीएसवर कारखान्याच्या पीअरला ‘अलाउड आयपीज’मध्ये १०.७७.०.२/३२ आणि १९२.१६८.४०.०/२४ दोन्ही द्या, फोनच्या पीअरला फक्त १०.७७.०.३/३२. कारखान्याच्या राउटरवर व्हीपीएसच्या पीअरला १०.७७.०.०/२४. फोनवर १०.७७.०.०/२४ आणि १९२.१६८.४०.०/२४. इथं एक चूक हमखास होते : व्हीपीएसवर दोन्ही पीअरना १०.७७.०.०/२४ दिलं जातं. एक पत्ता एकाच पीअरकडे राहू शकतो, म्हणून वायरगार्ड तो शेवटच्याला देतं आणि पहिल्याकडून गुपचूप काढून घेतं. मग फोन जोडला की कारखाना गायब होतो.

कारखान्याच्या राउटरवर कीपअलाइव्ह २५ सेकंद द्याच. तो नसेल तर सामाईक नॅट थोड्या वेळानं वाट विसरतो आणि व्हीपीएसला कारखान्याकडे परतीचा रस्ता राहत नाही. व्हीपीएसवर आयपी फॉरवर्डिंग (एका पीअरचं पाकीट दुसऱ्याकडे पोहोचवणं) चालू करा आणि व्हीपीएस विकणाऱ्याच्या पॅनलमधली फायरवॉल असेल तर तिथंही ५१८२० यूडीपी उघडा. लोक टीसीपी उघडतात आणि तासभर शोधत बसतात. राउटरच्या फायरवॉलमध्ये व्हीपीएन झोनमधून लॅनकडे फॉरवर्डिंग द्या.

एवढं करून राउटर दिसतो, हिशेबाचा संगणक दिसतो, डीव्हीआर मात्र नाही, असं झालं तर डीव्हीआरच्या नेटवर्क पानावर गेटवे बघा. बसवणाऱ्यानं तो बहुधा रिकामा सोडलेला असतो किंवा जुन्या राउटरचा असतो. पाकीट डीव्हीआरपर्यंत जातं, पण उत्तर कुठून पाठवायचं हे त्याला ठाऊक नसतं. गेटवेत १९२.१६८.४०.१ घाला. पासवर्ड हरवला असेल आणि शिरता येत नसेल तर राउटरवर लॅन झोनला मास्करेडिंग लावा. मग डीव्हीआरला वाटतं की राउटरच बोलतोय. संगणक पिंगला उत्तर देत नसेल तर ती विंडोजची फायरवॉल, वेगळ्या जाळ्यातून आलेला पिंग ती सहसा अडवते.

आणि डीव्हीआरचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडून देणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

अपग्रेड केलं आणि वायरगार्ड गेलं

*‘सेटिंग ठेवून नवी आवृत्ती टाकली. आता इंटरफेसवर “अनसपोर्टेड प्रोटोकॉल टाइप” येतं.’* (इचलकरंजी)

सेटिंग राहिली, पॅकेज उडाली. ओपनडब्ल्यूआरटीचं अपग्रेड तसंच असतं. ‘सॉफ्टवेअर’मधून याद्या ताज्या करून लुसीचं वायरगार्ड प्रोटोकॉलचं पॅकेज पुन्हा टाका, राउटर रीस्टार्ट करा, जुनी किल्ली आणि पीअर जागेवर असतील. पुढच्या वेळी फर्मवेअर सिलेक्टरच्या पानावर पॅकेजच्या यादीत त्याचं नाव जोडून इमेज तयार करून घ्या. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा जुना राउटर असेल तर हा खटाटोपच सोडा, १९.०७ नंतर त्यांना अधिकृत आवृत्ती नाही.

प्लॅन २०० एमबीपीएसचा, व्हीपीएनवर वीस

*‘ओपनव्हीपीएन आहे, राउटरमध्ये एमटी७६२१ चिप. “टॉप” लावून बघितलं तर ओपनव्हीपीएन फक्त २५ टक्के खातंय, म्हणजे दोष राउटरचा नाही ना?’* (मंगळवार पेठ)

राउटरचाच. त्या चिपमध्ये दोन कोर आणि चार धागे (थ्रेड, एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, आणि ‘टॉप’ टक्केवारी चारींची मिळून दाखवतं. ओपनव्हीपीएन एकाच धाग्यावर चालतं. २५ टक्के म्हणजे एक धागा पूर्ण भरला, बाकी तीन नुसते बघताहेत. सांकेतिकीकरणाची पद्धत बदलून फार फरक पडत नाही. सर्व्हर देणारा वायरगार्ड देत असेल तर त्यावर या. ते मार्च २०२० पासून लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आहे, कर्नलच्या आतच चालतं आणि काम धाग्यांत वाटतं. त्याच राउटरवर शंभराच्या पुढचा आकडा दिसायला हरकत नाही. पूर्ण २०० हवे असतील तर एआरएम चिपचा राउटर बघा.

व्हीपीएन कंपनीच्या यादीत भारताचा सर्व्हर का नाही? (कागल)

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायची आहे. ते मान्य नसल्यानं काही परदेशी कंपन्यांनी त्याच वर्षी भारतातले सर्व्हर काढले. ‘इंडिया’ लिहिलेला सर्व्हर दिसला तरी तो बऱ्याचदा भारताचा आयपी लावून परदेशात उभा असतो. पिंग शंभर मिलिसेकंदांच्या आसपास आला तर तो परदेशातलाच समजा. ऑफिसनं आपल्या माणसांसाठी चालवलेल्या व्हीपीएनला तो नियम लागू नाही.

दर काही सेकंदांनी तुटतं-जुळतं

*‘राउटरवर वायरगार्ड, तीच फाइल फोनमध्येही घातली आहे. फोन घरी असतो तेव्हा नीट, बाहेर गेला की घरचं इंटरनेट अडखळतं.’* (कसबा बावडा)

एक किल्ली, दोन उपकरणं. सर्व्हर किल्लीवरून माणूस ओळखतो आणि शेवटचं पाकीट जिथून आलं तिकडे उत्तरं पाठवतो. फोननं बिंदू चौकातून एक पाकीट टाकलं की घरची उत्तरं फोनकडे, घरानं टाकलं की परत घराकडे. फोनसाठी नवी किल्ली, नवा पत्ता आणि सर्व्हरवर नवा पीअर करा. जुनी फाइल फोनमधून काढून टाका, नुसती बंद ठेवू नका. ‘ऑलवेज ऑन’ लागलेलं असेल तर ती आपोआप पुन्हा चालू होते.